हातउसना खेळ

गेल्या मे महिन्यात शिरपूरच्या घराचा माळा रिकामा करायला काढला. बाहेर पारा 44 च्या पुढे, आणि माळ्यावर पत्र्याखाली त्याहून जास्त. पुतण्या वरून एकेक वस्तू खाली देत होता. सोनगीरचं पितळी घंगाळ, आबांचा फवारणीचा पंप, आजीच्या गोधड्यांचं गाठोडं. सगळ्यात शेवटी, सरकीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेलं एक धूड.

"काका, जुना टीव्ही आहे का?"

"कॉम्प्युटर आहे. जपून दे, तुझ्या दुपटीहून मोठा आहे."

ओसरीत ठेवून चार स्क्रू काढले आणि झाकण उघडलं. इतरांच्या जुन्या कॉम्प्युटरमधून धूळ निघते, आमच्यातून रुई निघाली. पंख्याच्या पात्यांना, वायरींच्या बेचक्यांना, सगळीकडे कापसाचे पिवळट तंतू. पुतण्याने रंगकामाचा ब्रश आणला. मी मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांच्या कडेचे दात शाळेच्या खोडरबराने घासले. हा उपाय कुठल्या पुस्तकात आहे ते सांगता येणार नाही, पण आपल्याकडे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा प्रत्येक माणूस तो करतो आणि दहातल्या सात वेळा गुण येतो. या वेळीही आला. बटण दाबल्यावर आत काहीतरी घरघरलं, पडदा हळूहळू उजळला, मेमरी मोजली गेली आणि यंत्राने जाहीर केलं की आपल्याला काहीच आठवत नाही. तारीख, 1 जानेवारी 1980.

त्याची बॅटरी मेली होती. पण ती आज मेलेली नव्हती, आमच्या घरी आला तेव्हाच मेलेली होती.

हा कॉम्प्युटर मूळचा एका जिनिंगच्या काट्यावरचा. कापसाने भरलेली बैलगाडी किंवा ट्रॅक्टर काट्यावर यायचा, भरलेलं वजन टिपलं जायचं, माल खाली करून गाडी परत आली की रिकामं वजन, आणि दोन्हींतली वजाबाकी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकर आवाज करत काटापट्टीवर छापायचा. आबा तिथे हिशेब लिहायचे. 1996 च्या दिवाळीआधी मालकांनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि हा जुना 486, चार एमबी मेमरीचा, आबांना बोनसमधून थोडे पैसे कापून दिला. मी तेव्हा नववीत होतो. गल्लीत पहिला कॉम्प्युटर आमच्याकडे आला, तोही स्मरणशक्ती गेलेला.

बॅटरी मेलेली म्हणजे काय, हे आता कुणाला कळणार नाही. रोज चालू केला की आपल्या पोटात हार्ड डिस्क आहे हेसुद्धा त्याला सांगावं लागे. कॅबिनेटच्या डाव्या अंगाला कुणीतरी मार्करने तीन आकडे लिहून ठेवले होते, 683, 16, 38. सिलिंडर, हेड, सेक्टर. ते रोज भरायचे. तिन्हींचा गुणाकार करून त्याला 512 ने गुणलं की सव्वाएकवीस कोटी अक्षरं भरतात, एवढीच त्याची मावण्याची ताकद. आज फोनमधला एखादा लग्नाचा व्हिडिओ तिथे बसणार नाही. पण ते आकडे मला पाढ्यांसारखे पाठ झाले. त्या दिवशी ओसरीत मार्करची शाई वाचण्याआधीच बोटांनी 683 दाबलं होतं.

खेळ आला तो नाशिकहून. माझा आतेभाऊ तिथे इंजिनिअरिंगला होता. दिवाळीच्या सुट्टीत तो दोन फ्लॉप्या घेऊन आला. चांदवड, मालेगाव, धुळे, नरडाणा करत, सावळद्याला तापीचा पूल ओलांडून, एसटीच्या मागच्या सीटवर, स्टीलच्या डब्यात ठेवलेल्या. डबा कशाला, तर गाडीतल्या टेपच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं आणि चुंबकाने फ्लॉपी पुसते, असं त्याला कुणी सांगितलं होतं. डब्यातून फ्लॉप्यांबरोबर चिवड्याचा एक शेंगदाणाही निघाला. फ्लॉपीवर निळ्या पेनने लिहिलं होतं, डूम, 1 आणि 2.

पहिली फ्लॉपी सुरळीत उतरली. मग पडद्यावर दुसरी टाकण्याची सूचना आली. टाकली. ड्राइव्ह दोनदा कण्हला आणि ओळ उमटली, वाचता येत नाही. खाली तीन पर्याय, अबॉर्ट, रिट्राय, फेल. आम्ही आर दाबला. परत आर. फ्लॉपी काढून तिची लोखंडी झडप सरकवून फुंकर मारली, मांडीवर आपटली, पंख्याखाली धरली, देवासमोर ठेवली. आर, आर, आर. ड्राइव्ह दर वेळी तेवढ्याच मनापासून प्रयत्न करायचा आणि तेवढ्याच शांतपणे नाही म्हणायचा. आतेभाऊ म्हणाला, "पुढच्या वेळी आणतो." पुढची वेळ म्हणजे मे महिना. खान्देशात पोरीबाळी आखाजीला माहेरी येतात, त्या वर्षी त्यांच्याबरोबर दुसरी फ्लॉपी आली. आजकाल डाउनलोडला दोन मिनिटं जास्त लागली तर पुतण्या राउटर बंद-चालू करतो. आमचं इन्स्टॉलेशन दिवाळीत सुरू झालं आणि आखाजीला संपलं.

आणि संपलं तरी खेळ चालेना. चार एमबी मेमरी त्याला जेमतेम पुरायची, आणि त्यातली बरीच जागा डिस्कचा वेग वाढवणाऱ्या एका प्रोग्रामने अडवलेली. आतेभावाने सुरुवातीच्या फाइलमध्ये जाऊन त्या ओळीपुढे तीन अक्षरं लिहिली, रेम. त्याने समजावलं, "ओळ पुसायची नाही. फक्त गप्प बसवायची. कॉम्प्युटर ती वाचतो, पण मनावर घेत नाही." आजी पुढे दहा वर्षं जगली. घरातल्या वादात ती कुणाचं बोलणं कसं रेम करते हे मला त्या दिवसापासून दिसायला लागलं.

मग आवाजाचा प्रश्न. सेटअप विचारायचा, साउंड कार्ड कुठलं? आमच्याकडे कुठलंच नव्हतं. पीसी स्पीकर निवडला की बंदुकीचा आवाज दाराच्या करकरण्यासारखा यायचा. पुढच्या दिवाळीत आतेभावाने एक जुनं साउंड कार्ड आणलं आणि तीन आकडे भरले, 220, 5, 1. पहिला कार्डाचा पत्ता. दुसरा घंटीचा, कार्डाला काही सांगायचं असेल तर प्रोसेसरला कुठल्या घंटीने हाक मारायची. तिसरा मागच्या दाराचा, प्रोसेसरला न उठवता माल थेट मेमरीतून नेण्याचा. घंटी सात नंबरची का नाही, असं मी विचारलं. तर सात नंबर प्रिंटरसाठी राखलेला. म्हणजे काटापट्टीवाल्या प्रिंटरचा मान अजून शाबूत होता, प्रिंटर जिनिंगमध्येच राहिला तरी. आकडे जुळले आणि आतल्या खोलीतल्या आजीने गुरगुर ऐकून विचारलं, "हाई काय शे रे?"

काय होतं ते, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. पडद्यावर खेळ उघडण्याआधी ठिपक्यांची एक लांब रांग एकेक करून उमटायची आणि वर मोठ्या अक्षरांत शब्द असायचा, शेअरवेअर. आम्हाला वाटायचं ते खेळाचंच आडनाव असेल.

शब्दाची गोष्ट मला फार उशिरा कळली. 1982 साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगलमन आणि जिम नॉफ या दोघांनी, एकमेकांना न ओळखता, एकच खुळी वाटणारी कल्पना काढली. आपला प्रोग्राम लोकांना वाटू द्यायचा आणि आतच चिठ्ठी ठेवायची की उपयोग झाला तर थोडे पैसे पाठवा, आणि प्रत काढून मित्रालाही द्या. फ्लुगलमनने त्याला फ्रीवेअर म्हटलं आणि त्या नावावर हक्क नोंदवला, म्हणून इतरांना दुसरा शब्द शोधणं भाग पडलं. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या बॉब वॉलेसने स्वतःच्या प्रोग्रामसाठी वापरलेला शेअरवेअर हा शब्द रुळला. नॉफकडे इतके पैसे आले की त्याने आयबीएममधली नोकरी सोडली.

खेळांच्या बाबतीत मात्र लोक तितके प्रामाणिक निघाले नाहीत. पूर्ण खेळ हातात आल्यावर पैसे कोण पाठवणार? टेक्सासच्या स्कॉट मिलरने 1987 मध्ये त्यावर तोडगा काढला. खेळाचे भाग करायचे. पहिला भाग मनसोक्त वाटायचा, पुढचे विकत. तापीच्या वाळवंटातलं टरबूज विकणारा माणूस चाकूने त्रिकोणी फोड काढून हातावर ठेवतो, तसं. टेक्सासमधल्याच मेस्किटच्या काही पोरांनी याच रीतीने 10 डिसेंबर 1993 ला डूमचा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला. वाट पाहणाऱ्यांची इतकी झुंबड होती की चढवायलाच जागा मिळेना. तिथून तो कुठल्या वाटेने नाशिकच्या होस्टेलवर पोचला हे कुणी सांगू शकणार नाही. मोडेम, मग मासिकाबरोबरची सीडी, मग कुणाच्या मामाचा मुलगा. एवढं नक्की की वाटेत प्रत्येकाने प्रत काढली होती, आणि करणाऱ्यांची नेमकी तीच इच्छा होती.

इथे एक गंमत सांगायला हवी. गावातल्या एका क्लासमध्ये मी डॉस आणि लोटस शिकत होतो. तिथलं डॉस, लोटस, डीबेस, यच्चयावत सगळं कुणाच्या तरी फ्लॉपीवरून उतरवलेलं. त्याचा कुणाला संकोच नव्हता, शिकवतानाच पोरांना प्रती काढून देत. पण खेळाची फ्लॉपी दिसली की जप्त. व्हायरस येतो, म्हणे. त्यामुळे डूमच्या प्रती आम्ही क्लास सुटल्यावर, दार लोटून, एकाने जिन्यावर पहारा देऊन काढायचो. ज्याची प्रत काढायला मनाई होती ते सगळं आम्ही दिवसाढवळ्या केलं, आणि ज्याची प्रत काढा असं करणाऱ्यानेच लिहून ठेवलं होतं तेवढं मात्र चोरून केलं. त्या खोलीतली कायदेशीर म्हणता येईल अशी ती बहुधा एकमेव फ्लॉपी होती.

घरी आम्ही सहा जण खेळायचो. सहाच का, तर खेळ जतन करून ठेवायला सहाच खाने होते. ज्याला खाना त्याला खेळ. लाईट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे खाना नसलेल्याने खेळणं म्हणजे वाळूवर अक्षरं काढणं. सातवा एक पोरगा यायचा, तो नुसता मागे उभा राहून "डावीकडे, डावीकडे" ओरडायचा. त्याला आम्ही मुनीम म्हणायचो. प्रत्येकाने खान्यात आपलं नाव इंग्रजीत लिहिलं होतं. आणि बॅटरी मेलेली असल्यामुळे त्या सगळ्या फाइलींवर एकच तारीख पडायची, 1 जानेवारी 1980. दोन वर्षांतल्या दुपारी, परीक्षा, भांडणं, कुणाचा शेवटचा खेळ आणि कुणाचा पहिला, कॉम्प्युटरच्या लेखी सगळं एकाच दिवशी घडलं. तेव्हा आमच्यातला एकही जण जन्मला नव्हता.

पहिल्या भागात नऊ पातळ्या. आठ सरळ रांगेत, नववी गुप्त, तिसरीतून वाट फुटणारी. आठवीत दोन शिंगवाले राक्षस. ते मेले की भिंती खाली बसतात आणि पुढे जायची जागा दिसते. तिथे पाय ठेवला की आपण एका अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतो, चहूकडून गुरगुर, काही करायच्या आत जीव जातो आणि पातळी संपते. मग इंग्रजी मजकुराचं पान येतं.

आम्हाला वाटलं, आपलंच चुकतंय.

दोन महिने आम्ही ती खोली जिंकायचा प्रयत्न करत होतो. गोळ्या वाचवून नेल्या, तब्येत शंभर टक्के करून नेली, आत पडताक्षणी मागे वळून पळायला बघितलं. मुनीमने तर पाटीवर नकाशा काढला. दर वेळी मरण, दर वेळी तेच पान, आणि आम्ही ते न वाचता एंटर दाबून परत सुरुवातीला. शेवटी आतेभावानेच एकदा बाजूला बसून ते पान वाचलं आणि हसला. "अरे, तुम्ही कधीच जिंकलात. इथे मरायचंच असतं. पुढचं हवं असेल तर पैसे पाठवा, असं लिहिलंय."

किती? तर चाळीस डॉलर. तेव्हा डॉलर 35-36 रुपयांना होता, म्हणजे चौदाशेच्या वर. मागवण्यासाठी दिलेला फोन अमेरिकेतल्या अमेरिकेत फुकट लागणारा, एसटीडी-पीसीओवाल्याने आकडे बघूनच मान हलवली. परकीय चलनावर 1973 चा फेरा कायदा अजून होता, त्याच्या जागी फेमा आला तो 2000 साली. मी एका बँकेत जाऊन विचारलं, चाळीस डॉलर कसे पाठवायचे? खिडकीपलीकडच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, "तिकडे कोण आहे तुझं?" कुणी नाही म्हटलं. "मग कशाला पाठवतोस?"

आता खरं सांगायचं तर तेव्हा वाट असती तरी आबांनी चौदाशे रुपये दिले नसते, आणि मी मागितलेही नसते. बँकेत गेलो ते कुतूहलापोटी. मेस्किटच्या त्या पोरांच्या हिशेबात आम्ही कुठेच नव्हतो. पण आम्हाला वगळलेलंही नव्हतं, आणि ही गोष्ट मला आता जास्त मोठी वाटते.

आमच्याकडे पैशाच्या व्यवहारात एक प्रकार असतो, हातउसने. कागद नाही, व्याज नाही, साक्षीदार नाही. बी-बियाण्याच्या दिवसांत शेजारच्याने मागितले, दिले. कधी परत देणार हे विचारायचं नसतं. घेणाऱ्याने ते विसरायचं नसतं. शेअरवेअर म्हणजे दुसरं काय होतं? फरक एवढाच की हातउसने ओळखीच्या माणसाला देतात. त्यांनी ते ज्यांचं गाव नकाशावर शोधायला लागलं असतं अशांनाही दिलं, आणि बदल्यात दोन गोष्टी मागितल्या. आवडलं तर पैसे पाठवा, आणि पुढच्याला द्या. त्यातली दुसरी आम्ही इमानेइतबारे केली. शिरपुरात नदीअलीकडे आणि पलीकडे मिळून ज्या ज्या घरात कॉम्प्युटर आला, त्यातल्या बऱ्याच घरांत ती फ्लॉपी माझ्या हातून गेली. पहिली गोष्ट राहिली.

त्याच वेळी आणखी एक शेअरवेअर खेळ आमच्याकडे फिरत होता, स्कायरोड्स. आकाशातल्या रंगीत पट्ट्यांवरून उड्या मारत जाणारं यान. तो 1993 मध्ये इस्टोनियातल्या काही तरुणांनी केला होता. सोव्हिएत संघातून सुटून तो देश नुकताच दोन वर्षांचा होत होता. याच मंडळींनी पुढे स्काइपचा प्रोग्राम लिहिला, 2003 मध्ये. आतेभाऊ तोपर्यंत न्यू जर्सीला गेला होता. आत्या रविवारी संध्याकाळी पदर सावरून स्क्रीनसमोर बसायची आणि त्याला विचारायची, जेवलास का. ज्यांच्या खेळाचे पैसे आम्ही दिले नव्हते, त्यांनीच तिला तिचा मुलगा दाखवला, तोही फुकट. 2025 च्या मे महिन्यात स्काइप बंद झालं. आत्या त्याआधीच गेली होती.

तर ओसरीत तो कॉम्प्युटर सुरू झाला. मेलेली बॅटरी झाळून काढायची होती. जवळच्या दुरुस्तीवाल्या पोराने ते अर्ध्या तासात केलं आणि तिच्या जागी तारा जोडून नवी बसवली. आमच्या घरी आल्यापासून त्याला पहिल्यांदा आजची तारीख कळली. यादी काढली तर दोन डिरेक्टऱ्या शेजारी शेजारी, डूम आणि काटा. काटा उघडून पाहिली. ओळीमागून ओळी, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ. आबांनी पुसायला सांगितलं होतं आणि मी जागा पुरतेय म्हणून पुसलं नव्हतं.

डूम चालू केला. ठिपके एकेक करून उमटले. पुतण्या म्हणाला, "हँग झालाय." मी म्हटलं, "थांब." आणि उघडला. तीन दिवसांत त्याने आठवी पातळी गाठली, अंधाऱ्या खोलीत मेला, आणि आमच्यासारखा परत न जाता ते पान वाचलं. "काका, हा तर डेमो आहे. पुढचं घेऊ का?" फोनवर शोधलं, किंमत एका चांगल्या शेवभाजीच्या थाळीच्या आसपास. त्याने माझा अंगठा मागितला आणि पैसे गेले. बँकेतले साहेब, फेरा, पीसीओ, आतेभाऊ, एसटी, यातलं काहीच मध्ये आलं नाही. पैसे ज्यांच्या खात्यात गेले ती आता तीच माणसं नाहीत, कंपनीचे मालक दोनदा बदलले. तरी मला बरं वाटलं. हातउसने देणारा गेला असला तर त्याच्या पोराच्या हातात ठेवतात.

यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. विकतची प्रत आवळून चार-पाच फ्लॉप्यांत बसणारी, आणि वाचता येतील अशा फ्लॉप्या घरात दोनच. त्यामुळे त्याच दोन भरून, ओतून, परत भरून काम केलं. त्यातली एक निळ्या पेनाने 1 लिहिलेली होती.

पुतण्या दहाव्या पातळीत शिरला. थोड्या वेळाने त्याला जेवायला बोलावलं तेव्हा त्याने सेव्ह करायचा मेनू उघडला आणि तसाच बसून राहिला. सहाच्या सहा खाने भरलेले होते. कुणाचं नाव पुसायचं, असं त्याने विचारलं. त्यातले दोघं पुण्यात आहेत, एक सुरतेला, एकाचं इथेच खताचं दुकान आहे, आणि एक राहिला नाही. मी त्याला सहावा खाना दाखवला, माझा.

बाकी पाच तसेच आहेत, 1 जानेवारी 1980 चे. सहाव्यावर आता त्याचं नाव आहे, आणि तारीख खरी.